आधारची झेरॉक्स देण्याआधी: मास्क, व्हीआयडी आणि अंगठ्याचं कुलूप कसं लावायचं

परवा कोल्हापुरात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते, पोरीच्या फॉर्मला आधार जोडायचं होतं. तिथल्या पोरानं नेहमीसारखं सांगितलं, 'ताई, व्हॉट्सॲप करा की ह्या नंबरवर', मी केलं, आणि त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवून विचारलं की ह्यातली तुमची फाईल कुठली. डाउनलोडचं फोल्डर उघडंच. ई-आधार, त्याखाली ई-आधार कंसात १, कंसात २, असं करत करत कंसात २१४ पर्यंत. आणि शेजारी चॅटमध्ये लोकांनी आपापल्या फाईलचे पासवर्ड पण टाकलेले. पोरगा भला होता, मी सांगितल्यावर माझी फाईल माझ्यासमोर उडवली त्यानं, पण त्या खुर्चीवर दिवसभरात कोण कोण बसतंय कुणाला माहीत.

घरी येऊन वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, मग काय करायचं, आधार तर सगळीकडं मागतात. बरोबर आहे. म्हणून जे मी माझ्या, आईच्या आणि वहिनीच्या आधारला करून ठेवलंय ते इथं सविस्तर लिहिते. एजंट लागत नाही, ह्यातली बहुतेक कामं फुकट आहेत.

पात्रता म्हणाल तर एवढीच, की आधार पाहिजे आणि त्याला तुमचा चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. ज्यांचं आधारच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अर्ज करायच्या आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला कुणीही काढू शकतो, आधार हा रहिवाशाचा नंबर आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही (जन्मतारखेचा पण नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही). भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशातल्या माणसाला ही १८२ दिवसांची अट नाही. ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो, ओरिजिनलच न्यायचा, तिथं स्कॅन करून परत देतात. नवीन नोंदणीला पैसे नाहीत, कुणी मागितले तर १९४७ ला, म्हणजे आधारच्या हेल्पलाईनला, फोन लावायचा.

आता मोबाईल नंबर. इथंच निम्मे लोक अडकतात. आईच्या आधारला तिचा जुना नंबर होता, तो बंद होऊन वर्षं झाली. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, म्हणजे आईचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर जायची सोय आम्हीच करून ठेवलेली. तुमचा कुठला नंबर जोडलाय हे यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) मायआधार साईटवर फुकटात तपासता येतं. नंबर बदलायला आधार केंद्रावर कसलंही कागदपत्र लागत नाही, माणूस जातीनं गेला पाहिजे आणि ७५ रुपये, बास. ऑक्टोबर २०२५ पासून फी अशी आहे की नाव, पत्ता, मोबाईल असल्या बदलाला ७५ आणि ठसे, डोळे, फोटो बदलायला १२५. पावती घ्यायची, त्यावर रक्कम छापलेली असते. केंद्रं काही पोस्ट ऑफिसांत, बँकांत, सरकारी आवारात असतात, पण आपल्याकडं सोमवारी सकाळी गेलात तर रांग बघूनच परत याल, मी आईला बुधवारी दुपारी नेलं, अर्ध्या तासात काम झालं. जवळचं केंद्र भुवन आधार नावाच्या सरकारी नकाशावर सापडतं.

केंद्रावर गेलाच आहात तर नावाचं स्पेलिंग नीट बघून घ्या, कारण नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. पत्ता कितीही वेळा, आणि तो घरबसल्या ऑनलाईन पण होतो.

नंबर जोडला की पहिलं काम मास्क केलेलं आधार. मायआधारवर लॉगिन करून डाउनलोड आधार दाबलं की खाली एक छोटा चौकोन दिसतो, मास्क्ड पाहिजे का म्हणून, त्यावर टिक करायची आणि मग डाउनलोड. पीडीएफमध्ये पहिले ८ आकडे झाकलेले येतात, शेवटचे ४ दिसतात, फोटो, नाव, पत्ता सगळं तसंच. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. आता हा पासवर्ड किती गुप्त आहे ते तुम्हीच बघा, ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याला पासवर्ड माहीत आहे, म्हणून पूर्ण नंबरची फाईल फॅमिली ग्रुपवर टाकू नका, पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मास्कवालं कुठं चालतं? जिथं फक्त हा माणूस कोण एवढंच बघायचंय तिथं. लॉज, सोसायटीचं गेट, कुरिअर, क्लासचा फॉर्म. महाद्वार रोडच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोली बघायला गेलो तेव्हा दोन ठिकाणी मास्कवालं बिनबोभाट घेतलं, तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरचे काका म्हणाले पूर्ण नंबर लागतोय. मी वाद घातला नाही, पाहुण्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स दिलं, ते चाललं. आधारच द्या असा आग्रह बहुतेक वेळा सवयीपोटी असतो, नियमापोटी नाही. सुप्रीम कोर्टानं २६ सप्टेंबर २०१८ ला बँक खातं आणि सिमकार्डाला आधारची सक्ती काढून टाकली, पॅन जोडणी आणि सरकारी योजनांसाठी मात्र ठेवली. नंतर २०१९ ला कायदा बदलून बँक आणि मोबाईलवाल्यांना तुमच्या मर्जीनं आधार वापरायची परवानगी दिली. मर्जीनं हा शब्द लक्षात ठेवा, काउंटरवर त्याचा उच्चार कुणी करत नाही.

जिथं नंबर टाइप करूनच पडताळणी होते तिथं मास्कचा उपयोग नाही, तिथं व्हीआयडी, म्हणजे व्हर्च्युअल आयडी. हा १६ आकडी नंबर असतो, २०१८ साली आला, आधारच्या जागी देता येतो आणि त्यावरून कुणाला तुमचा खरा नंबर काढता येत नाही. नवा काढला की जुना रद्द. साध्या फोनवरून पण होतं: जोडलेल्या नंबरवरून मेसेजात इंग्रजी कॅपिटलमध्ये जीव्हीआयडी, एक जागा सोडून आधारचे शेवटचे ४ आकडे, आणि पाठवा १९४७ ला. आधी काढलेला विसरला असाल तर जीच्या जागी आर, म्हणजे आरव्हीआयडी. अडचण अशी की बऱ्याच फॉर्मांत रकाना १२ आकड्यांचाच असतो आणि १६ आकडे घेतच नाही, मग करणार काय. चालेल तिथं वापरा.

पण मला सगळ्यात जास्त काळजी होती ती अंगठ्याची. गावात बँकमित्राकडं किंवा दुकानात छोट्या मशीनवर अंगठा ठेवून पैसे काढतात ना, ती एईपीएस. त्याला बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोट एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही, कार्ड नाही. म्हाताऱ्या माणसांना लई सोयीचं आहे हे खरं, माझी मावशी पन्हाळ्याकडच्या गावात त्याच्यावरच पैसे काढते. पण भामट्यांनी काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे ऑनलाईन स्कॅनमधून उचलले, त्याचे रबरी ठसे केले आणि खाती रिकामी केली. दस्तावर अंगठा पण असतो आणि आधार नंबर पण, दोन्ही एकाच पानावर, आयतंच. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलून आणायचा?

म्हणून बायोमेट्रिक लॉक. मायआधारवर किंवा आधारच्या ॲपमध्ये लॉगिन, ओटीपी, लॉक बायोमेट्रिक्स, झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आधारचं नवीन ॲप आलंय त्यात तर एका टॅपवर होतं, शिवाय समोरच्याला काय काय दाखवायचं ते निवडून क्यूआरनं दाखवता येतं, पूर्ण पत्ता द्यायचाच अशी भानगड नाही. लॉक केल्यावर बोट, डोळे आणि चेहरा ह्या तिन्हींची पडताळणी बंद. ओटीपीवाली चालू राहते.

आणि आता आमची फजिती. आईचं लॉक करून मी दिमाखात झोपले. सात तारखेला आई रेशनला गेली, मशीन अंगठा घेईना. दुकानदार म्हणतोय, काकी, ठसे झिजल्यात तुमचे, भांडी कमी घासा. आईनं हात साबणानं धुतला, पदराला पुसला, दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं, मागं रांगेतल्या बायका वैतागल्या. शेवटी मला फोन, मी ऑफिसात, मशीनवर काय आलंय विचारलं तर एरर ३३०. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ३३० म्हणजे लॉक आहे. मी तिथूनच तिच्या आधारला लॉगिन केलं, ओटीपी तिच्या फोनवर आला, तिनं तो मला फोनवर वाचून दाखवला (हो, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे मीच तिला शिकवलं होतं, तिनं आधी साफ नकार दिला), आणि तात्पुरतं उघडलं. तात्पुरतं म्हणजे १० मिनिटं, मग आपोआप परत लॉक. तांदूळ मिळाले, पण घरी आल्यावर मला जे मिळालं ते लिहीत नाही. आता कॅलेंडरवर रेशनच्या तारखेला दूधवाल्याच्या हिशोबाखाली 'अंगठा उघडणे' असं लिहिलेलं असतं.

तेव्हा रेशन, पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, भाडेकरार ऑनलाईन नोंदवताना लावायचा अंगठा, सिमकार्ड, ह्या सगळ्याच्या आधी उघडायचं विसरू नका. लाडक्या बहिणीच्या केवायसीसारखं जे ओटीपीवर चालतं त्याला ह्या लॉकनं काही होत नाही. त्या केवायसीच्या वेळी खोट्या साईटी कितीतरी फिरत होत्या, लिंक व्हॉट्सॲपवर आली असेल तर ती उघडायचीच नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा आणि शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघायचं.

अजून एक लॉक आहे, आख्ख्या आधार नंबरचं. ते लावलं की १२ आकड्यांवर काहीच चालत नाही, ओटीपीसुद्धा, फक्त व्हीआयडी. आधी व्हीआयडी काढून ठेवल्याशिवाय लावता येत नाही आणि उघडायला पण तोच लागतो. माझ्या मते ज्याला फोन सफाईनं वापरता येतो त्यानं लावावं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नको, योजनेचे फॉर्म अडतील आणि दोष तुमच्यावर येईल.

पोरांचं सांगायचं राहिलं. ५ वर्षांखालच्यांचं निळं बाल आधार, त्यात ठसे घेत नाहीत, नुसता फोटो, आणि ते आई नाहीतर बापाच्या आधारला जोडतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतरचं बाळ असेल तर जन्मदाखला पाहिजेच, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. ५ व्या आणि १५ व्या वर्षी ठसे द्यावे लागतात, ५ ते ७ आणि १५ ते १७ ह्या वयात ते फुकट आहे. वहिनीच्या पोराचं सातवं सरत आलेलं, पळत जाऊन केलं. शाळेच्या ग्रुपवर सगळ्या पोरांची आधार कार्डं टाका म्हणून मेसेज आला तेव्हा मी कागद हातात दिला, ग्रुपवर टाकलं नाही. बाई जरा रुसल्या, पण घेतला.

महिन्यातून एकदा मायआधारवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री उघडा. मागच्या ६ महिन्यांत तुमचं आधार कधी, कुणी, बोटानं का ओटीपीनं तपासलं ते दिसतं. वहिनीच्या यादीत एक रात्री साडेअकराची नोंद निघाली, आम्ही दोघी हादरलो, नंतर आठवलं की तिनंच झोपताना पॅन जोडायचा प्रयत्न केला होता. तिथंच बँक सीडिंग स्टेटसमध्ये सरकारी पैसे कुठल्या बँकेत जातात ते पण कळतं, खरंतर लाडक्या बहिणीचे १५०० कुठं गेले म्हणून हिंडणाऱ्या निम्म्या बायकांचं उत्तर तिथंच असतं.

आणि यादीत खरंच अनोळखी काही दिसलं, किंवा खात्यातून पैसे गेले, तर आधी बायोमेट्रिक लॉक करायचं, मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन, आणि बँकेला लेखी कळवायचं. चूक तुमची नसेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानं नुकसान तुमच्या माथी येत नाही. बँकेत गेल्यावर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या. तोंडी सांगून येऊ नका, 'साहेब जेवायला गेल्यात' म्हणतील आणि तिसरा दिवस तसाच जाईल.