गाईड्सची सुरुवात मुलींनीच केली

२२ फेब्रुवारी आला की गोव्यातल्या शाळांत स्काऊट-गाईडचा कार्यक्रम होतो, बेडन-पॉवेलच्या फोटोला हार घालतात, आणि भाषणात सांगतात की त्यांनी मुलांसाठी स्काऊट काढलं आणि मग मुलींसाठी गाईड. ऐकायला बरोबर वाटतं पण मधला सगळ्यात महत्त्वाचा भाग गाळला जातो आणि तो आमच्या मुलींना कळायलाच हवा, कारण मुलींना कोणी बोलावलंच नव्हतं, त्या आपणहून आल्या.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प झाला, तो फक्त मुलग्यांचा. १९०८ मध्ये बेडन-पॉवेलचं स्काऊटिंगचं पुस्तक भागाभागाने निघालं, स्वस्तात मिळायचं, घरात भावासाठी आणलेलं बहिणीही वाचायच्या, आणि माग काढणं, गाठी मारणं, चूल पेटवून उघड्यावर राहणं हे आपल्यालाही जमेल की असं त्यांना वाटलं. मग काय, मैत्रिणी जमवून स्वतःच पथकं केली, पथकांना जंगली प्राण्यांची नावं दिली, आणि कितीतरी जणींनी पूर्ण नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं टाकून स्काऊटच्या ऑफिसात नोंदणी केली म्हणजे मुलगी आहे हे समजायलाच नको. अशा हजारो मुली झाल्या!

४ सप्टेंबर १९०९ ला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा होता, सुमारे ११,००० मुलगे आलेले, आणि त्यांच्यात टोपी, स्कार्फ, हातात काठी अशा तयारीने थोड्या मुली येऊन उभ्या राहिल्या, आम्ही पण स्काऊट आहोत म्हणाल्या. त्या काळात मुलीने रस्त्यावर धावणंसुद्धा लोकांना खपत नव्हतं, हे लक्षात घेतलं तर ह्याला किती धीर लागला असेल ते कळतं. पेपरात टीका झाली, मुलं-मुली एकत्र रानात फिरणार म्हणून आईबाप घाबरले. तेव्हा बेडन-पॉवेलने वेगळी संघटना काढायचं ठरवलं आणि १९१० मध्ये ती बहिणीकडे म्हणजे अ‍ॅग्नेसकडे सोपवली. पन्नाशी ओलांडलेली बाई, मधमाश्या पाळायची, बलूनमधून उडायची पण हौस. नाव ठेवलं गर्ल गाईड्स, तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या कोअर ऑफ गाईड्स ह्या पलटणीवरून. पण लोकांची भीती घालवायला नर्सिंग आणि घरकामावर जोर दिला, प्राण्यांच्या नावांऐवजी पथकांना फुलांची नावं आली, आणि ज्या मुली आधीपासून स्काऊट म्हणवत होत्या त्यातल्या बऱ्याच जणींना हे अजिबात आवडलं नाही. मला त्यांचा राग अगदी पटतो.

पुढे मात्र भराभर पसरलं. १२ मार्च १९१२ ला ज्युलिएट गॉर्डन लो हिने अमेरिकेत सव्हानाला १८ मुली घेऊन सुरुवात केली, आणि पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या गाईड्स तर सरकारी गुप्तचर खात्यात निरोप पोचवायचं काम करत होत्या. १९२८ मध्ये जागतिक संघटना झाली.

हिंदुस्थानात पहिलं पथक १९११ मध्ये जबलपूरला निघालं, पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी, आपल्या मुलींना दार उघडायला अजून काही वर्षं गेली. गोव्याची गोष्ट तर आणखीनच वेगळी कारण इथे पोर्तुगीज. तिकडे पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारच्या सरकारने १९३७ मध्ये मुलींसाठी स्वतःची युवा संघटना काढली, ती वरून लादलेली, शाळकरी मुलींना सक्तीची, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमधल्या त्या मुलींच्या बरोबर उलट टोक. १९५० मध्ये भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली, १९५१ च्या १५ ऑगस्टला गर्ल गाईड्स त्यात आल्या, तेव्हा गोवा भारताबाहेरच होता आणि मुक्ती मिळाली ती १९ डिसेंबर १९६१ ला. आज आमच्या शाळांतली वीरबाला म्हणजे गाईड पथकं ह्याच संघटनेची.

मुक्तीनंतर पाचच वर्षांनी, १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये, पुण्याला संगम हे गाईड्सचं जागतिक केंद्र उघडलं, उद्घाटनाला बेडन-पॉवेलची पत्नी ओलेव्ह स्वतः आली होती. गोव्याहून रात्रीची बस पकडली की सकाळी पुणं, तेव्हा शाळांनी सहलीसाठी दरवेळी तेच वॉटर पार्क न धरता एकदा मुलींना तिकडे न्यायला काय हरकत आहे, आधी केंद्राला विचारून तेवढं ठरवा.