मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा

अनोळखी, विशेषतः भटकी माणसे मुले पळवतात, ही ऐकीव किश्शांवर पोसलेली समजूत. तिचा पुरावा बहुधा एका वाक्याचा असतो : ‘शेजारच्या गावात परवाच एक पोर नेलं.’ पोर कोणाचे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. खोदून विचारले की घटनेचे गाव आणखी पुढे सरकते.

उगमाविषयी एकमत नाही. मोठ्या पुलाच्या वा किल्ल्याच्या पायात बळी द्यावा लागतो, या जुन्या लोकसमजुतीत एक मत तिचे मूळ शोधते. अलीकडच्या कथनांत पुलाची जागा मूत्रपिंडाच्या चोरीने घेतलेली दिसते. दुसरे मत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याकडे बोट दाखवते. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या, पोलिसांकडे हजेरी आली, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पहिल्या मताने भीतीचा उलगडा होतो. संशय नेमका पालावरच्या माणसावरच का, याचा होत नाही. त्या दृष्टीने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात पुढे येणाऱ्या राईनपाड्याच्या घटनेतले नाथपंथी डवरी गोसावी विमुक्तांत, म्हणजे या कायद्यातून मोकळ्या झालेल्या जमातींत नव्हे, भटक्या जमातींत गणले जातात. कलंकाने हा भेद पाळलेला नाही.

किस्सा तोंडोतोंडी कसा बदलतो, यावर गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग पायाभूत मानले जातात. रेल्वेच्या डब्यातील एका चित्रात वस्तरा गोऱ्या माणसाच्या हाती होता. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला वर्णन सांगत गेल्यावर अनेक साखळ्यांत तो चित्रातल्या कृष्णवर्णीयाच्या हाती गेला. हा प्रयोग प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीचा म्हणून सांगितला जातो, ते चूक आहे. चित्र न पाहिलेल्यांच्या पुनर्कथनाचा तो होता. ऐकणाऱ्याने जे आधीच धरलेले असते, तेच सांगताना वर येते. युरोपात ज्यूंवर मुलांच्या हत्येचे असेच आळ आले. ११४४ मधील इंग्लंडातल्या नॉर्विचचे प्रकरण त्यांत सर्वांत जुन्यांपैकी.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच डवरी गोसावींना जमावाने ठार मारले. त्यांतील एक जण एका मुलीशी बोलला, एवढ्यावरून संशय सुरू झाल्याचे वृत्तांत आले होते. मृतांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडूनही मारहाण थांबली नाही. भिक्षेकऱ्याला चार शब्द बोलल्याशिवाय भिक्षा मिळत नाही; त्या बोलण्याचाच गुन्हा झाला.

त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग परत आणून सोडतात व फलक दाखवतात. परत आणण्याचा भाग कापून ती पुढे गेली. याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल, अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले.