बालगृहातलं मूल म्हणजे अनाथ मूल नव्हे

‘ब्रिटनमध्ये बालगृहात किंवा परक्या घरी वाढलेली कृष्णवर्णीय मुलं अनाथ, टाकून दिलेली होती,’ असं वर्षानुवर्षं पुढे पाठवलं जातं. तसं वाटणं स्वाभाविक आहे. आपणही बालगृहाला सर्रास अनाथाश्रमच म्हणतो.

पण १९५०-६०च्या दशकांत नायजेरिया, घानाहून शिकायला आलेली अनेक जोडपी नोकरी सांभाळून अभ्यास करत. भाड्याची एक खोली, त्यात मूल नको ही घरमालकाची अट. म्हणून मासिकात जाहिरात देऊन ती गोऱ्या कुटुंबाकडे मूल ठेवत आणि दर आठवड्याला पैसे देत. टाकलेल्या मुलासाठी कोण पैसे भरेल? अशी सोय मोडली की काही मुलं बालगृहात जात. त्यांचे हाल मात्र खरे होते. कुरळ्या केसांना तेल नाही, बारीक दातांचा कंगवा ओढला की डोळ्यांत पाणी.

पडताळायचं असेल तर इंग्लंडची वार्षिक सरकारी आकडेवारी पाहा. मूल ताब्यात का घेतलं, हे तिथे नोंदवलेलं असतं. सर्वांत मोठा गट छळ आणि हेळसांडीचा आहे, आई-वडील नसण्याचा नाही. १९८९च्या बालक कायद्यात तर आई-वडिलांच्या भेटीगाठींची तरतूदच आहे. आणि जे स्वतः बालगृहात वाढले, त्यांना स्थानिक परिषदेकडे, म्हणजे तिथल्या महापालिकेसारख्या संस्थेकडे, आपली फाइल मागता येते.