मोयामोयात बायपासनंतरही रक्तस्राव का होतो : थोडी पार्श्वभूमी

मोयामोया म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या हळूहळू अरुंद होत जाणारा आजार. पुण्या-मुंबईला जाऊन मेंदूचा बायपास करून आलेला याचा पेशंट कोल्हापुरात परतला की घरच्यांना वाटतं आता मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका संपला. तो संपत नाही, कमी होतो. किती कमी होतो यावरच बरीच वर्षं वाद चाललाय.

जपानमध्ये १९५७ साली हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, १९६९ ला नाव मिळालं. डोक्याच्या कातडीतली रक्तवाहिनी मेंदूतल्या रक्तवाहिनीला जोडायचं ऑपरेशन, म्हणजेच हा बायपास, १९६७ चा. ज्यांचा रक्तपुरवठा कमी पडतो त्यांना याचा फायदा होतो हे पटण्यासारखं होतं, पण ज्यांना आधीच रक्तस्राव झालाय त्यांचं काय, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं.

म्हणून २००१ मध्ये जपानमध्ये ट्रायल सुरू झाली आणि निकाल यायला २०१४ उजाडलं. ८० पेशंट, त्यातल्या ४२ जणांना दोन्ही बाजूंना थेट बायपास, ३८ जणांना ऑपरेशन नाही, आणि ५ वर्षं लक्ष ठेवलं. परत रक्तस्राव व्हायचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत वर्षाला २.७ टक्के, बाकीच्यांत ७.६ टक्के. फरक एवढा मोठा, पण पेशंट कमी, त्यामुळं मुख्य निकालाचं पी-मूल्य (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगानं यायची शक्यता; ०.०५ च्या खाली असेल तर निकाल पक्का धरतात) एका पद्धतीनं ०.०४८ आलं आणि दुसऱ्या पद्धतीनं ०.०५७, म्हणजे ०.०५ च्या रेषेच्या एक अलीकडं नि एक पलीकडं, आणि त्यावरून काहीजण अजून म्हणतात की बायपासचा फायदा सिद्धच झाला नाही. मला हे पटत नाही. इतक्या दुर्मिळ आजारात हजारो पेशंट आणायचे कुठून, आणि तोवर समोरच्या माणसाला काय सांगायचं?

खरा उलगडा नंतर झाला. २०१६ ला त्याच पेशंटांची विभागणी करून बघितली तर मेंदूच्या मागच्या भागात रक्तस्राव झालेल्यांना ऑपरेशन नसताना वर्षाला १७.१ टक्के धोका, पुढच्या भागातल्यांना ३ टक्के, आणि बायपासचा फायदाही मुख्यतः मागच्या गटालाच दिसला. पुढं लक्ष गेलं ते खोलवरच्या, कोरॉइडल म्हणतात त्या बारीक वाहिन्यांकडं. अडलेलं रक्त त्यांच्यातून वाट काढतं, त्या ताणून फुगतात आणि फुटतात. बायपास नीट चालला तर त्यांच्यावरचा भार उतरून त्या आकसतात. नाही आकसल्या तर धोका तसाच.

वाढलेलं बीपी हे दुसरं मोठं कारण. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत नव्या वाटेनं एकदम जास्त रक्त जाऊनही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तेव्हा आयसीयूत बीपी इतकं जपतात. नंतरचं बीपी मात्र घरीच सांभाळायचं असतं. आपल्याकडं बरं वाटलं की गोळी बंद होते, आणि पेशंट चांगला हिंडतोय म्हणून फॉलोअपची अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा फोटो काढायची तपासणीही राहून जाते, ज्यात त्या वाहिन्या आकसल्या का ते कळणार असतं.