साठवणपेटीचे वय कोठून मोजावे?

गोव्यातल्या साखळी गावी माझ्या मामांच्या घरी कपाटावर, राउटरला खेटून, दोन डिस्कची एक काळी साठवणपेटी असे. गावच्या कालोत्सवात झालेल्या नाटकांच्या जुन्या ध्वनिफिती मामांनी एकेक करून संगणकावर उतरवून घेतल्या होत्या आणि घरातल्या लग्नामुंजींच्या फोटोंसह त्या या पेटीत ठेवल्या होत्या. घरातला कोणताही मोबाइल किंवा लॅपटॉप वायफायवरून त्या उघडू शकत असे. २०१८ च्या चतुर्थीला नवा लॅपटॉप आला आणि पेटी उघडेना. हिरवा दिवा लागलेला होता, डिस्कची घरघरही ऐकू येत होती. पण पडद्यावर संदेश येई की, ही पेटी एसएमबी-१ ही कालबाह्य आणि असुरक्षित पद्धत वापरते, म्हणून जोडणी करता येत नाही. पेटीत कसलाही बिघाड नव्हता. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करणे कंपनीने काही वर्षांपूर्वीच थांबवले होते, इतकेच.

एसएमबी म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांच्या फाइली मागण्याची आणि देण्याची ठरलेली रीत. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजमधील याच रीतीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेतला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या संगणकांवर एसएमबीची ती पहिली आवृत्ती आपोआप बसवणे बंद केले. मामांच्या पेटीला मात्र दुसरी रीत कोणी शिकवलीच नव्हती.

‘नॅस’ या नावाने विकली जाणारी ही पेटी दिसायला डिस्कचे खोके असली, तरी प्रत्यक्षात तो प्रोसेसर, मेमरी आणि बहुधा लिनक्स या खुल्या प्रणालीवर बेतलेली कार्यप्रणाली असलेला, चोवीस तास जाळ्याला जोडलेला संगणक असतो. त्यात फाइली वाटून देण्याचे काम सहसा ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर करते. मे २०१७ मध्येच सांबात एक गंभीर त्रुटी उघडकीस आली आणि ती २०१० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये होती. म्हणजे सात वर्षे ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पेटी विकत घेताना तिच्यात असलेले दोष असे मागाहून, कधी कधी फार उशिरा कळतात. आणि कळल्यावर ते दुरुस्त करणारे कोणी उरले आहे की नाही, यावर तिचे खरे आयुष्य ठरते.

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण जून २०२१ मध्ये घडले. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्या बाहेरून कोणीतरी कारखान्यातून निघाल्यासारख्या कोऱ्या करून टाकल्या आणि अनेकांचा वर्षानुवर्षांचा साठा एका रात्रीत गेला. त्या पेट्यांचे शेवटचे फर्मवेअर, म्हणजे पेटी चालवणारे आतले सॉफ्टवेअर, २०१५ मध्ये आले होते. डिस्क चांगल्या होत्या आणि पेट्याही चालू होत्या, म्हणूनच लोकांनी त्या वापरात ठेवल्या होत्या.

कंपन्या आधार का काढून घेतात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सुधारणा देणे का थांबवतात, याचे एक कारण चिपमध्ये आहे. स्वस्त पेट्यांत पुष्कळदा अशी चिप असते की जिच्यासाठी लिनक्सचा गाभा (कर्नल) चिप बनवणाऱ्याने खास जुळवून दिलेला असतो. त्याने पुढचा गाभा जुळवून दिला नाही, तर पेटी बनवणाऱ्या कंपनीला तो खर्च स्वतः उचलावा लागतो आणि जुन्या मॉडेलसाठी तो सहसा उचलला जात नाही. घरच्या संगणकांत असतो तसा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेल्या पेटीवर, कंपनीने हात काढून घेतल्यावरही, अनेकदा साधे लिनक्स बसवता येते. थोडे अधिक पैसे मोजायचे असतील तर मी ते येथे मोजीन, डिस्कच्या आकड्यात नव्हे.

आता वयाविषयी. आधाराची वर्षे बहुधा मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजली जातात, आपल्या पावतीवरच्या तारखेपासून नाही. समजा, आठ वर्षे आधार मिळणारे २०१९ चे मॉडेल कोणी २०२४ मध्ये सवलतीत घेतले, तर त्याच्या वाट्याला तीनच वर्षे येतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मॉडेल कोणत्या वर्षीचे आहे ते शोधावे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडता येणाऱ्या घरगुती उपकरणांना किमान केव्हापर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, हे उत्पादकाने जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे आपल्याकडे मिळणारे मॉडेल तेथेही विकले जात असेल, तर कंपनीच्या ब्रिटनसाठीच्या संकेतस्थळावर ती तारीख सापडण्याची शक्यता असते. पेटी बारा-पंधरा वर्षे चालवण्याचा बेत असेल, तर आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. वेळ ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रणालींचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाल्यावर भरून जाईल आणि त्यांची तारीख चुकू लागेल.

गोव्यात यंत्राचीही काळजी घ्यावी लागते. मे अखेरच्या गडगडाटी पावसात वीज दहा मिनिटांत तीन वेळा जाते-येते आणि लिहिता लिहिता बंद पडलेल्या डिस्कवरील फाइली खराब होऊ शकतात. यूएसबी तारेने पेटीशी बोलणारा यूपीएस (वीज गेल्यावर काही वेळ बॅटरीवर चालवणारे यंत्र) घेतला, तर बॅटरी संपण्याआधी पेटी स्वतःहून नीट बंद होते. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारी रेड-१ ही व्यवस्था एक डिस्क गेल्यास उपयोगी पडते. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्हीकडून त्याच क्षणी जाते, त्यामुळे वेगळी प्रत लागतेच.

घेण्यापूर्वी विचारावा असा शेवटचा प्रश्न बाहेर पडण्याच्या वाटेचा आहे: पेटी मेली, तर डिस्क दुसरीकडे वाचता येईल का? ईएक्सटी-४ किंवा बीटीआरएफएससारखी खुली फाइलप्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) आणि लिनक्सचीच रेड व्यवस्था वापरली असेल, तर बहुधा येते. कूटबद्ध केलेल्या डिस्कसाठी मात्र किल्ली हाताशी हवी. मामांच्या पेटीतली एक डिस्क काढून आम्ही ती यूएसबी जोडणीने लिनक्सच्या लॅपटॉपला लावली आणि सगळी नाटके जशीच्या तशी मिळाली. आता त्यांची एक प्रत साखळीत नव्या पेटीत आहे आणि दुसरी पणजी शहरातल्या माझ्या फ्लॅटमधल्या डिस्कवर. दर चतुर्थीला ती डिस्क मी गावी नेऊन अद्ययावत करतो. नव्या पेटीच्या बुडाशी मामांनी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर खरेदीची तारीख नाही. मॉडेल आल्याचे वर्ष आहे आणि त्याखाली आधार संपण्याचे.