डीपी कोणत्या पट्टीत गाते?

मे महिन्यातली रात्र, अकरा वाजून गेलेले, तरी नागपुरात प्रतापनगरातल्या आमच्या घराच्या भिंती तापलेल्याच. कुलरमध्ये पाणी भरायला आम्ही अंगणात आलो होतो. पाइप धरून उभी असलेली माझी दहा वर्षांची भाची कोपऱ्यावरच्या डीपीकडे, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडे, बघत म्हणाली, "मामा, ही पांढरी पाचात गाऊन राहिली. जराशी चढी आहे, पण पांढरी पाचच."

मी मोबाइलमधला ट्यूनर लावून पाहिला. आकडा आला १०० हर्ट्झ. पांढरी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. खालच्या सप्तकातली ती ९८ हर्ट्झला असते, म्हणजे पोरगी बरोबर. हिशेबही जुळतो. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, ट्रान्सफॉर्मरमधल्या लोखंडी पत्र्यांचं चुंबकत्व दर फेऱ्याला दोनदा चढतं-उतरतं, त्यासरशी पत्रे किंचित ताणतात आणि पुन्हा आकसतात. पन्नास दुणे शंभर. हे सगळं मला पाठ होतं, पण स्वर ओळखला तिनं. तोही त्या क्षणी ताडून बघायला पेटी-तानपुऱ्याचा कुठलाही स्वर कानावर नसताना.

"तुला कळलं कसं?"

"काहून, तुम्हाला नाही कळत?"

याला निरपेक्ष स्वरज्ञान म्हणतात. वाजवणारी मंडळी 'परफेक्ट पिच' म्हणतात. साधारण दहा हजारांत एकाला ते असतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. तयार कानाच्या गवयाला एकदा सा द्या, मग तो कुठलाही स्वर सांगेल. पण आधी सा द्यावा लागतो. हिला लागत नाही.

अशा लोकांच्या मेंदूत काय वेगळं असतं, याचा शोध १९९५ पासून जोरात सुरू झाला. त्या वर्षी गॉटफ्रिड श्लाउग आणि सहकाऱ्यांनी ३० संगीतकार आणि संगीत न शिकलेले ३० जण यांच्या मेंदूची एमआरआय चित्रं ताडून पाहिली. संगीतकारांपैकी ११ जणांना ही देणगी होती. कानशिलाच्या आत, मेंदूच्या एका खोल घडीत प्लॅनम टेम्पोराले नावाचा त्रिकोणी भाग असतो. बहुतेकांचा तो डावीकडे मोठा, उजवीकडे लहान. या ११ जणांमध्ये डाव्या-उजव्यातला हा फरक इतर संगीतकारांपेक्षाही ठळक निघाला. डावा भाग वाढला असणार, असंच कुणालाही वाटेल. पण २००१ मध्ये आणखी लोक घेऊन मापं काढली, तेव्हा दिसलं की खरा फरक उजवीकडे आहे: तो भाग लहान राहिला आहे. म्हणजे भर पडण्यापेक्षा छाटणी जास्त झाली असावी. संत्र्याच्या बागेत सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढतात, त्याची मला आठवण झाली. (नागपूरकराला संत्र्याशिवाय उपमा सुचत नाही, हे मान्य.)

मला स्वतःला मात्र १९९८ चा प्रयोग जास्त आवडतो. मॉन्ट्रियलमध्ये रॉबर्ट झाटोरे आणि सहकाऱ्यांनी संगीतकारांना स्वर ऐकवले आणि पेट स्कॅनवर मेंदूतला रक्तप्रवाह पाहिला. निरपेक्ष स्वरज्ञान असलेल्यांमध्ये नुसते स्वर कानावर पडताच डाव्या कपाळामागचा एक भाग जागा झाला. बाकीच्या संगीतकारांमध्ये तो गप्प होता. त्यांना दोन स्वरांमधल्या अंतराचं नाव ओळखायला सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचाही तोच भाग कामाला लागला. एखाद्या गोष्टीला शिकलेलं नाव जोडण्याचं काम तिथे होतं. म्हणजे वेगळेपण कानात कमी आणि नावात जास्त. फोनवर नुसतं 'हॅलो' ऐकून आत्या आहे हे आपल्याला कळतं, तसं हिला 'पांढरी पाच' कळतं.

स्वर लक्षात राहणं तर आपल्याकडेही आहे. १९९४ मध्ये डॅनियल लेव्हिटिन यांनी ४६ विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडीची गाणी आठवून गायला लावली. पुष्कळांनी ती मूळ रेकॉर्डच्या पट्टीत किंवा तिच्या अगदी जवळ गायली. आठवण होती, तिच्यावर नावाची चिठ्ठी नव्हती, एवढंच.

चिठ्ठी चिकटवायचं वय मात्र लवकर सरतं. जपानमध्ये आयाको साकाकिबारा यांनी दोन ते सहा वर्षांच्या २४ मुलांना रोज सुरांचे गुच्छ ओळखायला शिकवलं. दोघांनी मधेच सोडलं, उरलेल्या २२ जणांना हे ज्ञान आलं. मोठ्यांना इतकं यश येत नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी १५३ जणांचे मेंदू तपासले, तेव्हा निरपेक्ष स्वरज्ञान असलेले आणि नसलेले संगीतकार जवळजवळ सारखेच दिसले. मोठा फरक होता तो संगीतकार आणि संगीत न शिकलेल्यांमध्ये, आणि जे लहानपणीच शिकू लागले त्यांच्यात मेंदूतल्या जोडण्या अधिक घट्ट होत्या. तेव्हा 'परफेक्ट पिचचा मेंदू' अशी चित्रं दाखवणाऱ्या बातम्या मी आता जपूनच वाचतो.

आणि आपल्या संगीतात या देणगीचा उपयोग किती? सा कुठेही धरा, राग तोच. उलट अडचणच. भाची पेटी शिकली ती पांढरी एकला सा धरून. गाण्याच्या क्लासला गेली, तर तिथे सा काळी चारला. पहिल्या दिवशी घरी आली ती रडकुंडीलाच. "बाई सा म्हणतात आणि मला कोमल ध ऐकू येऊन राहिला." तिचं चुकत नव्हतं. पांढरी एकच्या हिशेबात काळी चार म्हणजे कोमल धैवतच. महिनाभर ती मनातल्या मनात प्रत्येक स्वराचं भाषांतर करत होती, आणि शेजारची सामान्य कानाची मुलं निवांत अलंकार म्हणत होती.

आता जमतं तिला. दिवाळीत पुण्याला गेली होती, तिथून फोन आला. "मामा, इथली डीपी पण पांढरी पाच. तेवढीच चढी." मी म्हटलं, अगं, डिसेंबर २०१३ पासून सगळ्या देशाची वीज एकाच जाळ्यात, एकाच तालात फिरते, चेन्नईलाही हाच सूर. ती जरा वेळ गप्प बसली.

"मग सगळ्यांनी हाच सा काहून नाही धरला?"