डोलोमाइटीभवन

चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेटाचे मॅग्नेशियमयुक्त पाण्याच्या विक्रियेने डोलोमाइट या खनिजात रूपांतर होण्याची प्रक्रिया. यात खडक वितळत नाही. कॅल्साइटातील (चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेटाच्या खनिजातील) सुमारे निम्मे कॅल्शियम आयन पाण्यात निघून जातात आणि त्यांच्या जागी मॅग्नेशियम येते. आदर्श डोलोमाइटाच्या स्फटिकात कॅल्शियमाचा एक थर व मॅग्नेशियमाचा एक थर अशी आलटूनपालटून मांडणी असते. पुढील सारा वाद या मांडणीपाशीच येऊन थांबतो.

कॅल्साइटावर थंड, विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकला की तो लगेच फसफसतो. डोलोमाइटावर तो जवळजवळ शांत राहतो, पण त्याच जागी चाकूने खरवडून भुकटी केली की बारीक बुडबुडे दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेदात समांतरषट्फलकीय स्फटिक दिसतात. कधी त्यांच्या आरपार शिंपल्याची किंवा प्रवाळाची पुसट बाह्यरेषा गेलेली असते. मूळ खडक सागरी चुनखडक होता आणि खनिज मागाहून बदलले, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोम्यू यांनी १७९१ मध्ये आल्प्समधील अशा मंद फसफसणाऱ्या खडकाचे वर्णन केले व पुढल्याच वर्षी त्यांच्यावरून त्याला नाव मिळाले. चुनखडकात मॅग्नेशियम शिरून हा खडक बनला असावा, ही कल्पना मात्र त्याआधीचीही असावी. रेणूस रेणू असे प्रतिष्ठापन (एकाच्या जागी दुसरा येणे) धरल्यास घनफळ सुमारे १३ टक्क्यांनी घटते आणि डोलोमाइटाची सच्छिद्रता त्यातून आली, असे पूर्वी सर्रास मानत. या हिशेबात बाहेरून कार्बोनेट येत नाही असे गृहीत धरलेले असते, हे विसरता कामा नये. खोल गाडला गेल्यावर डोलोमाइट चुनखडकापेक्षा कमी दबतो, त्यामुळे असलेली छिद्रे टिकतात, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

खरा पेच उत्पत्तीचा आहे. प्राचीन खडकांत डोलोमाइटाचे प्रचंड थर आहेत. आजच्या सागरात मात्र ते तुरळक आढळते. वास्तविक सागरी पाणी डोलोमाइटाच्या दृष्टीने अतिसंतृप्त असते, म्हणजे मावेल त्याहून अधिक घटक त्यात विरघळलेले असतात. मॅग्नेशियम आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे घट्ट कवच असते व ते सुटल्याशिवाय आयन स्फटिकात बसत नाही. प्रयोगशाळेत २०० अंश सेल्सियसच्या आसपास डोलोमाइट सहज बनते, साध्या तापमानाला बनत नाही. अमेरिकन भूवैज्ञानिक लिंटन लँड यांनी २५ अंशांना ठेवलेल्या, सुमारे हजारपट अतिसंतृप्त विद्रावातून ३२ वर्षांनंतरही डोलोमाइट अवक्षेपित झाले नव्हते (१९९८).

दुसरा प्रश्न पुरवठ्याचा. एक घनमीटर सच्छिद्र चुनखडकाचे पूर्ण रूपांतर करण्याइतके मॅग्नेशियम सागरी पाण्यातूनच मिळवायचे, तर शंभराहून अधिक घनमीटर पाणी त्यातून वाहून जावे लागते. साचलेल्या पाण्याला हे साधणारे नाही, म्हणून बहुतेक उपपत्ती पाणी कशाने हलते याच्याच आहेत. बाष्पीभवनाने जड झालेले खारे पाणी खालच्या थरांत झिरपते, ही उपपत्ती बाष्पनिक्षेपांलगतच्या (पाणी आटून साचलेल्या क्षारथरांलगतच्या) डोलोमाइटांना चांगली लागू पडते. गोडे व सागरी पाणी मिसळण्याच्या पट्ट्याची उपपत्ती १९७० नंतर फार गाजली. आज तिचा जोर ओसरला आहे. ब्राझीलमधील एका खारकच्छातील (समुद्रालगतच्या उथळ खाऱ्या सरोवरातील) सल्फेट-क्षपणी (सल्फेटाचे सल्फाइड करून ऊर्जा मिळवणारे) जीवाणू साध्या तापमानाला डोलोमाइट घडवण्यास मदत करतात, असे १९९५ मध्ये दाखवण्यात आले. पण जाड, प्रादेशिक थर एवढ्यावर उलगडत नाहीत.

२०२३ मधील एका अभ्यासाने वाढ का अडते यावर वेगळा प्रकाश टाकला. स्फटिकाच्या पृष्ठभागावर आयन चुकीच्या क्रमाने बसतात आणि पुढील थर रोखून धरतात. विद्राव आलटूनपालटून असंतृप्त होत गेला, तर हे दोषयुक्त भाग आधी विरघळतात व वाढ कितीतरी वेगाने होते. भरती-ओहोटीच्या सपाट भागांत व पाण्याची क्षारता वारंवार बदलणाऱ्या उथळ सरोवरांत आजचे डोलोमाइट सापडते, या निरीक्षणाशी हे जुळते. एकच उपपत्ती सर्वत्र लावण्यापेक्षा पाण्याचा प्रवाह आणि क्षारतेचे चढउतार एकत्र पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

डोलोमाइटी खडकांत खनिज तेलाचे तसेच शिसे-जस्ताचे मोठे साठे आढळतात. उलट क्रियाही घडते: जिप्सम विरघळून कॅल्शियमाने समृद्ध झालेले भूजल डोलोमाइटाचे पुन्हा कॅल्साइट करते.